रोमिओ-ज्युलिएट ५० मिनिटांत, ११ मुलांत: काय कापायचं, काय ठेवायचं?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात 'रोमिओ आणि ज्युलिएट' बसवायचं ठरलंय. अकरावी-बारावीची ११ मुलं आहेत, ७ मुलगे आणि ४ मुली. वेळ ५० मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. मैदानात उघडा मंच, २४ बाय १६ फूट, विंगा नावापुरत्या, उभे माइक दोन. तालमीला पाच आठवडे.

अडचणी अशा. एक, एवढं मोठं नाटक कुठे कापू? दोन, दोन घराण्यांचं वैर दाखवताना सगळे म्हणतात, सरळ जात दाखवा, लोकांना लगेच कळेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही. तीन, अहिराणी आणायची आहे, पण हशा पिकवण्यापुरती नको. आणि चार, शेवट. समोर सोळा-सतरा वर्षांची पाचशे पोरं आणि त्यांचे आईबाप बसणार. दोघं जीव देतात हे दाखवायचं कसं?

जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

तिसरी_घंटा

कापण्याबद्दल मी सांगतो, बाकीचं इतरांवर सोडतो.

मूळ नाटक ५ अंकी, जवळपास ३००० ओळींचं. सुरुवातीला सूत्रधार दोन तासांचा खेळ म्हणतो खरा, पण न कापता केलं तर तीन तास सहज लागतात. तुमच्या ५० मिनिटांतली १० मारामारी, अंधार-उजेड आणि सामान हलवण्यात जाणार. उरली ४०. मुलं मिनिटाला ११०-१२० शब्द स्पष्ट बोलतात, त्याहून पळाली की मागच्या रांगेला काही कळत नाही. म्हणजे अख्खी संहिता ४५०० शब्दांत बसवा. लिहून झाल्यावर शब्द मोजाच, अंदाजावर राहू नका.

आता एक गोष्ट धरून ठेवा. या नाटकात खलनायक शोधायला गेलात तर घाई सापडते. शेक्सपिअरने कथा घेतली आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या दीर्घकाव्यातून. तिथे प्रकरण काही महिने चालतं. शेक्सपिअरने ते पाच दिवसांत कोंबलं. रविवारी सकाळी रस्त्यावर दंगा, रात्री ज्युलिएटच्या घरी, कॅप्युलेटांकडे, मेजवानी आणि खिडकीचा प्रवेश. सोमवारी दुपारी गुपचूप लग्न, त्यानंतर तासाभरात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट दोघंही मेलेले. मंगळवारी पहाटे, टिबल्टला मारल्याबद्दल हद्दपार झालेला रोमिओ मँटुआ शहराकडे निघतो आणि थोड्याच वेळात ज्युलिएटला कळतं की गुरुवारी पॅरिस नावाच्या सरदाराशी लग्न. मंगळवारी रात्री ती मेल्यासारखं निपचित पाडणारं औषध पिते. गुरुवारच्या रात्री थडगं, शुक्रवारच्या पहाटे सगळं संपलेलं.

यातली सगळ्यात महत्त्वाची खुंटी बहुतेक संहितांत कापली जाते. फ्रायरचा, म्हणजे त्यांचं लग्न लावणाऱ्या साधूचा, बेत असा: ज्युलिएटने बुधवारी रात्री औषध घ्यायचं आणि चिठ्ठी मिळाली की रोमिओने तिला थडग्यातून न्यायचं. ज्युलिएट घरी येऊन बापाची खोटी माफी मागते, बाप इतका खूश होतो की लग्न गुरुवारचं बुधवारवर आणतो. झालं, पूर्ण एक दिवस गेला. चिठ्ठी पोचायला तोच दिवस हवा होता. म्हणजे मुलगी आज्ञाधारक झाल्याच्या आनंदात बापाने तिला मारलं. हे दोन वाक्यांत होतं, पण ती दोन वाक्यं हवीतच.

ती चिठ्ठी नेणाऱ्या फ्रायर जॉनलाही हात लावू नका. भूमिका एवढीशी, म्हणून सगळे आधी तोच कापतात, आणि मग चिठ्ठी न पोचणं लेखकाच्या मर्जीने झाल्यासारखं वाटतं. मुळात कारण पक्कं आहे: सोबतीला दुसरा साधू घ्यायला तो एका घरी गेला, तो साधू आजाऱ्यांची विचारपूस करत होता, शहराच्या तपासनिसांना साथीचा संशय आला आणि त्यांनी दाराला सील ठोकलं. चिठ्ठी परत पाठवायलाही भीतीपोटी कुणी मिळेना. लॉकडाऊन पाहिलेल्या प्रेक्षकाला हे एका मिनिटात कळेल.

तसाच तो निरक्षर नोकर. आमंत्रितांची यादी हातात, वाचता येत नाही, म्हणून रस्त्यात भेटलेल्या रोमिओलाच वाचायला देतो. हे ठेवा.

बिनधास्त काढा: दुसऱ्या अंकाआधीचा सूत्रधार, वाजंत्र्यांचा प्रवेश, रोझालिनसाठीचं रडगाणं (दोन वाक्यं पुरे, ती रंगमंचावर येतच नाही), आणि शेवटी फ्रायर सगळी हकिगत पुन्हा सांगतो ते. प्रेक्षकांनी ती आत्ताच पाहिलेली असते. मर्क्युशिओचं परीराणीचं भाषण सात-आठ ओळींवर आणा, पण पूर्ण काढू नका, नाहीतर तो मेल्यावर कुणाला काही वाटणार नाही.

मिनिटं अशी वाटा: दंगा आणि प्रिन्सची (शहराच्या राजाची) तंबी ५, कॅप्युलेट-पॅरिस आणि यादी ३, मेजवानी ६, खिडकी ६, लग्न ३, द्वंद्व ६, पहाटेचा निरोप ते दाईपर्यंत ८, औषध ५, मँटुआ आणि चिठ्ठी ३, थडगं ५. खिडकीला दहा मिनिटं द्यावीशी वाटतील. देऊ नका, मुलांना तिथे आवाज टिकवता येत नाही. आणि मूळ संहितेत 'बाल्कनी' हा शब्दही नाही, खिडकीच आहे.

एक सूचना. शेक्सपिअर मोफत आहे, भाषांतर नाही. भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. छापील पुस्तकातलं उचलणार असाल तर लेखी परवानगी घ्या, नाहीतर मुलांकडूनच भाषांतर करून घ्या.

---

बऱ्हाणपूर_पॅसेंजर

जातीबद्दल तुम्हाला जे पटत नाही त्याचं कारण नाटकाच्या पहिल्याच ओळीत आहे. दोन्ही घराणी मानाने सारखी. जुनं वैर, पण कशावरून ते पूर्ण नाटकात कुठेही सांगितलेलं नाही. शेक्सपिअर विसरलेला नाही, भांडणाऱ्यांनाच आठवत नाही. जात आणलीत की वर-खाली आलं, एका बाजूला जुलूम आणि दुसरीला सोसणं आलं. ते वेगळं नाटक, आणि त्याच्या शेवटी दोन्ही बाप हात मिळवतात हे खोटं वाटेल, नव्हे, चीड येईल. इथे बांधावरून भांडणारे दोन सारखे मातब्बर हवेत. पाटीलकी दोघांकडे, ट्रॅक्टर दोघांकडे. बांध नेमका कुठला हे कुणालाच सांगता येऊ नये.

मला विचाराल तर कथाच खानदेशात आणा, १९०० च्या आसपास. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि मग इलाखाभर पसरला. रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी, गाव सोडून शेतात झोपड्या, संशयितांना वेगळं ठेवणं हे सगळं त्या काळात होतं. चिठ्ठी अडकायला याहून चांगलं कारण नाही. तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न तेव्हा कुणाला खटकत नव्हतं. आज दाखवाल तर ती १८ च्या आतली म्हणून लग्न लावणाऱ्यावर गुन्हा, आणि शिवाय एक मोबाइल सगळं नाटक संपवतो. मँटुआच्या जागी बऱ्हाणपूर. तेव्हाचा खानदेश जिल्हा मुंबई इलाख्यात आणि बऱ्हाणपूर मध्य प्रांतात, म्हणजे प्रिन्सच्या शिक्षेला आपल्याकडे अस्सल शब्द मिळतो: तडीपार.

ज्युलिएट 'लॅमसच्या आदल्या रात्री' चौदाची होणार, म्हणजे ३१ जुलैला. लॅमस हा नव्या धान्याचा सण. मुळात प्रसंग उन्हाळ्यातला आहे, रोमिओचा चुलतभाऊ बेनव्होलिओ म्हणतोच की या गरमीत डोकी भडकतात. आपल्याकडे जुलैत पाऊस, म्हणून ती तारीख आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) न्या. वैशाखाचं ऊन, निंबाला झोके, माहेरी आलेल्या पोरी. "येत्या आखाजीला चौदावं पुरं होईल" हे दाईच्या तोंडी किती सहज बसतं बघा.

---

कळण्याची_भाकर

कल्पना छान, पण एका जागी पूर्ण कोसळते. आपल्याकडे जाळतात.

१९०० साली खानदेशातल्या पाटलाची पोरगी सकाळी 'मेलेली' सापडली तर दुपारपर्यंत चिता पेटलेली असेल, आणि प्लेगचे दिवस म्हणजे आणखीच लवकर. फ्रायरचं औषध ४२ तासांचं आहे. ज्युलिएटला कॅप्युलेटांच्या तळघरासारख्या थडग्यात उघडं ठेवतात, दार उघडून आत जाता येतं, म्हणून नाटक चालतं. पुरणाऱ्या घरात कथा नेली तरी भागत नाही, मातीखाली कोण ४२ तास जगेल? यावर जी पळवाट काढाल ती समजावण्यात पाच मिनिटं जातील, आणि तुमच्याकडे ती नाहीत.

नाटकातलं शहर वेरोना, ते वेरोनाच राहू द्या. नावं तीच, साथ तीच, थडगं तेच. फक्त बोली आपली. प्रेक्षक पहिल्या दोन मिनिटांत हे मान्य करतो, शंका घेत बसत नाही. तडीपार मात्र ठेवाच, त्या शब्दाला तोड नाही. आखाजीही दाईच्या तोंडी राहू द्या, वेरोनात आखाजी कुठली असं विचारणारा एखादा निघेल, त्याला चहा पाजा.

४२ तासांचा आकडा मात्र मंचावर नको. त्या घरात पहाटे तीनला लग्नाची धावपळ चालू आहे, म्हणजे तिने त्याआधी कधीतरी, धरा एकच्या सुमारास, औषध घेतलं. तिथून ४२ तास गुरुवारी संध्याकाळी सातला पुरे होतात, आणि थडग्याचा प्रवेश तर चांगल्या रात्री आहे. वहीत गणित करणारा एकतरी पोरगा प्रेक्षकांत असतोच. "दोन रात्री" म्हणा आणि सुटा.

---

पांझराकाठ

जाळण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता! वेरोना पक्कं. मग अहिराणी कुणाच्या तोंडी? सध्या दाई आणि नोकर एवढंच डोक्यात आहे.

---

कळण्याची_भाकर

तिथेच चूक होते. अहिराणी नोकरांना आणि प्रमाण मराठी मालकांना दिली की बोली म्हणजे विनोद हे पक्कं झालं. बोली बदलते कधी, यावर नाटक उभं करा. ज्युलिएट मोठी कधी होते तेही त्यातूनच दिसेल.

कॅप्युलेटपासून सुरू करा. पहिल्या भेटीत तो पॅरिसला काय सांगतो? पोर लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ द्या, तिच्या होकाराशिवाय माझ्या इच्छेला अर्थ नाही. समंजस बाप. बाकीची लेकरं मातीत गेली, हीच उरली असंही म्हणतो. हा प्रवेश स्वच्छ प्रमाण मराठीत, सरकारी पाहुण्याशी बोलतात तसा. दोन दिवसांनी तीच पोर नको म्हणते आणि हाच माणूस हात शिवशिवतात म्हणतो, भीक माग, उपाशी मर, रस्त्यात मर म्हणतो. इथे तो अहिराणीत घसरला पाहिजे. "मन्हा घरमा पाय ठेवू नको. माले तोंड दखाडू नको." यावर कुणी हसणार नाही, कारण प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांनी घरात राग याच भाषेत ऐकलेला असतो. नटाला एकच सांगा: पहिल्या वाक्यापासून ओरडायचं नाही. मूळ भाषणात तो आधी चकित होतो, मग टोमणे मारतो, मग चढतो. ओरडून सुरुवात केली तर मिनिटभरात आवाज बसतो आणि पुढे जायला जागा उरत नाही.

आता दाई. ती पूर्ण अहिराणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ज्युलिएट आईशी प्रमाण बोलते, दाईशी अहिराणी. आई तिच्याशी परक्यासारखीच वागते, पहिल्या प्रवेशात दाईला बाहेर घालवते आणि लगेच परत बोलावते, पोरीशी एकटं बसायचं तिला जमत नाही. आईचं वय काढा: ज्युलिएटएवढी असताना मी तुझी आई झाले होते असं ती म्हणते, म्हणजे अठ्ठावीसच्या आसपास. तिला पांढरे केस लावू नका, हमखास होणारी चूक आहे.

बाप तणतणत गेला, आईने पाठ फिरवली. ज्युलिएट दाईला विचारते, आता काय करू. दाई म्हणते, रोमिओ गेला, परत येणार नाही, पॅरिस बरा, कर लग्न. जिने निरोप नेले, दोर आणला, तीच. ज्युलिएट विचारते, "तू खरं सांगस ना, माय?" दाई म्हणते, अगदी मनापासून. मूळात यावर ज्युलिएट एकच शब्द बोलते, आमेन. दाईला तो कळत नाही. मग ती म्हणते की तू मला फार धीर दिलास.

हे शेवटचं वाक्य प्रमाण मराठीत. "तुझं बोलणं ऐकून मला फार धीर आला." आईशी बोलते त्या भाषेत, दाईशी पहिल्यांदा. बाकी काही करू नका, संगीत नाही, प्रकाश बदल नाही. त्यानंतर ज्युलिएटने दाईशी अहिराणीतला एक शब्दही बोलायचा नाही. औषध घ्यायच्या आधी ती दाईला हाक मारायला जाते आणि थांबते, हे मला एकटीलाच करायचं आहे म्हणून. तिथे "माय" ओठावर येऊन परत गेलेलं दिसलं की प्रवेश झाला. आठ मिनिटं यालाच दिली आहेत, एकही सेकंद दुसरीकडे उचलू नका.

मेजवानीतली पहिली भेट हा तर फुकटचा नफा आहे. त्या दोघांचं बोलणं मिळून १४ ओळींचं सुनीत आहे. तो स्वतःला यात्रेकरू म्हणतो आणि तिला मूर्ती, ती उत्तर देते की यात्रेकरूंचं चुंबन म्हणजे तळव्याला तळवा. यात्रेकरूच्या जागी वारकरी घाला. एक तळवा त्याचा, एक तिचा, मिळून एक नमस्कार. पालक, प्राचार्य, कुणाची हरकत नाही, आणि मूळाला धक्काही नाही.

---

पडद्यामागे

वाटणी, मारामारी, रक्त, शेवट.

११ जणं: रोमिओ, ज्युलिएट, मर्क्युशिओ, टिबल्ट, बेनव्होलिओ, दाई, कॅप्युलेट, त्याची बायको, फ्रायर, पॅरिस, प्रिन्स. चौथी मुलगी प्रिन्सला द्या, खणखणीत आवाजाची. मर्क्युशिओ मेल्यावर विषवाला होतो. बेनव्होलिओ द्वंद्वानंतर मुळातच गायब आहे, तोच मृत्यूची बातमी नेणारा बाल्थझर. फ्रायर जॉन पॅरिसच्या नटाकडे, पण झगा आणि टोपी आधीच विंगेत ठेवा, बदलायला दीड मिनिट मिळेल. यादीवाल्या नोकराचं कामही त्या वेळी मोकळ्या असलेल्या फ्रायरला. थोरला माँटेग्यू, म्हणजे रोमिओचा बाप, पहिल्या दंग्यातून काढा, फक्त शेवटी आणा आणि टिबल्टच्या नटाला द्या. जन्मभर माँटेग्यूंच्या नावाने दात खाणारा पोरगा पांढरी शाल घेऊन माँटेग्यू म्हणून उभा राहतो. ज्याला दिसेल त्याला दिसेल. थडग्यातलं टिबल्टचं प्रेत म्हणजे चादरीखाली गोधड्या.

द्वंद्वाची मेख अशी की मर्क्युशिओला वार रोमिओच्या हाताखालून लागतो. रोमिओ सोडवायला मधे पडतो म्हणून तो मरतो. हे दिसलं नाही तर पुढचं सगळं फुकट. रोमिओ मधोमध, पाठ प्रेक्षकांकडे तिरपी, डावा हात आडवा. टिबल्टचा हात त्या हाताखालून, मंचाच्या मागच्या बाजूने. पाते आणि शरीर यात वीतभर अंतर कायम. आधी आकडे मोजत आठ हालचाली, आठवडाभर निम्म्या वेगाने, नंतरही पाऊणच्या वर वेग नाही. खरी धातूची सुरी तालमीतसुद्धा नको. लाकडी पाते, चंदेरी कागद, टोक गोल. माइकचे स्टँड त्या प्रवेशाआधी काढा, पहिला पाय त्यातच अडकतो.

रक्त: एक वाटी साखरेचा घट्ट पाक, दोन चमचे खायचा लाल रंग, पाव चमचा कोको पावडर, नाहीतर ते सरबत दिसतं. प्लॅस्टिकच्या पुडीत तीन चमचे, आतल्या बनियनला चिकटपट्टीने. लगेच फोडू नका. मर्क्युशिओ आधी ओरखडा म्हणून थट्टा करतो, लोकांनीही ओरखडाच समजलं पाहिजे. शर्टावरचा हात बाजूला होतो तेव्हा लाल दिसावं. उद्या भेटलास तर मी 'ग्रेव्ह' (गंभीर, आणि थडगंही) असेन ही त्याची कोटी भाषांतरात मरते असं म्हणतात. मरत नाही: "उद्या ये, मी अगदी शांत झालेला असेन." खेळ झाल्यावर शर्ट लगेच भिजवा, पाकाला मुंग्या लागतात.

आता शेवट. विषाची बाटली म्हणून फवारणीच्या औषधाची बाटली मंचावर आणायची नाही, रिकामी धुतलेलीसुद्धा नाही. कापसाच्या पट्ट्यात ती प्रत्येक घरात आहे, आणि समोर पोरं बसली आहेत. मूळात विषाला नाव नाही, किंमत फक्त आहे, ४० डकॅट. पितळेची छोटी कुपी घ्या. फ्रायरच्या औषधाची कुपी वेगळ्या आकाराची आणि रंगाची, नाहीतर मागच्यांना दोन्ही एकच वाटतात. रोमिओ पितो ते पाठमोरा. ज्युलिएटची कट्यार हातात दिसली की अंधार. तडफड, संगीत, कण्हणं काही नाही. आणि तिथे पडदाही नाही. दोन मिनिटं पुढचं ठेवाच: दोन बाप, प्रिन्सचं "सगळ्यांनाच शिक्षा झाली". एक म्हणतो तुझ्या पोरीचा सोन्याचा पुतळा उभारतो, दुसरा म्हणतो मग मीही तुझ्या पोराचा तसाच उभारतो. पुतळ्यातही बरोबरी चालूच! हे कडवट राहू द्या, गोड करू नका.

खेळाआधी आणि नंतर निवेदनात सांगा की मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास मोफत. आणि तालमीच्या पाच आठवड्यांत रोमिओ-ज्युलिएट करणाऱ्या मुलांशी अधूनमधून वेगळं बोला, कुणी गप्प झालंय का बघा.

---

पांझराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच शब्द मोजायला बसतो. खिडकीसाठी ट्रॅक्टरची ट्रॉली मंचाला लावायचा विचार आहे, चालेल का? आणि ज्युलिएट थडग्यात पाचेक मिनिटं पडून राहणार, श्वास दिसतो, त्याचं काय?

---

पडद्यामागे

ट्रॉली चालेल, कडेचा फाळका कठडा म्हणून छान दिसतो. चारही चाकांखाली दगड, ट्रॅक्टर सोडवलेला, आणि पुढचा दांडा विटांवर टेकवून समपातळीत, नाहीतर ज्युलिएट पुढे झुकली की ट्रॉलीही झुकते. रोमिओला वर चढवू नका, हात पोचले पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही.

श्वासासाठी: डोकं प्रेक्षकांकडे, पाय मागे, पोटावर फुलांची सैल चादर. श्वास पोटाने, छातीने नाही. रोमिओने विष पिण्याआधीचं भाषण तिच्या आणि प्रेक्षकांच्या मधे बसून करायचं, तेवढीच तिला उसंत. आणि उघड्या मंचावर दिव्यांना डास जमतात. प्रवेशाआधी तिच्या हातापायांना आणि कानाला ओडोमास चोळा, कान सगळे विसरतात.